नळीमुळे झालेला संसर्ग की नळी असताना झालेला? एका इनपेशंट चार्टचा प्रकरण अभ्यास

अमेरिकी रुग्णालयांचे इनपेशंट कोडिंग, म्हणजे भरती रुग्णांच्या निदानांना ठरलेले कोड देण्याचे काम, आज पुणे आणि नवी मुंबईतल्या कार्यालयांतूनही होते आणि तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून मूत्रमार्गाच्या संसर्गाचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदींच्या फायली, सतत जात असतात. त्यांतले बरेचसे सरळ असतात. रुग्णाला लघवीची नळी, म्हणजे फोलीज कॅथेटर, लावलेली असेल तर मात्र त्याच निदानाचे कोडिंग अवघड होते, कारण मुख्य निदान, डीआरजी (देयकासाठी ठरणारा रुग्णांचा गट), रुग्णालयाला मिळणारी रक्कम आणि रुग्णालयाच्या गुणवत्तेची नोंद या चारही गोष्टी एकाच कार्यकारणसंबंधावर अवलंबून राहतात आणि नेमका तो संबंध चार्टमध्ये अनेकदा लिहिलेलाच नसतो. खालील प्रकरण अशा अनेक चार्टांमध्ये दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून रचलेले आहे. त्यातला रुग्ण काल्पनिक आहे, पण कोड आणि नियम खरे आहेत.

चार्टमध्ये काय होते

रुग्ण ७६ वर्षांचे गृहस्थ, मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याचे, लाभार्थी, राहायला एका नर्सिंग होममध्ये. भरतीच्या तीन आठवडे आधी प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीमुळे त्यांची लघवी तुंबली, तेव्हा युरॉलॉजीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांना नळी घालण्यात आली. नंतर ती काढून पाहिली, पण लघवी होईना, म्हणून पुन्हा घालावी लागली आणि मग ती तशीच राहिली. भरतीच्या रात्री ताप आणि गोंधळलेली मनःस्थिती या तक्रारींसाठी त्यांना आपत्कालीन विभागात आणले. तापमान ३८.९ अंश सेल्सिअस, नाडी ११२, श्वसनाचा वेग २२, ओटीपोट दाबल्यावर दुखत होते. पांढऱ्या पेशी १७,८००, लॅक्टेट (गंभीर संसर्गात रक्तात वाढणारा घटक) २.६. जीवाणू उगवतात का हे पाहण्यासाठी रक्ताचे दोन कल्चर पाठवले.

आपत्कालीन विभागातल्या परिचारिकेची नोंद या चार्टमधली सर्वांत नेटकी नोंद आहे. जुनी १६ फ्रेंचची मूत्रमार्गातली नळी काढली, तिच्या टोकाशी क्षारांचा थर जमलेला होता, नवी नळी घातली, गढूळ लघवी आली आणि कल्चरचा नमुना नव्या नळीतून घेतला, असे तिने वेळेसह लिहिले आहे. नळी दोन आठवड्यांहून अधिक काळ आत असेल तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा, असे अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेची २००९ ची मार्गदर्शिका सांगते, कारण जुन्या नळीच्या आतल्या जीवाणूंच्या थरातून येणारा नमुना मूत्राशयात खरोखर काय आहे हे सांगेलच असे नाही. कोडिंगशी याचा थेट संबंध नाही, पण पुढे डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे नोंदीबद्दलची लेखी विचारणा, पाठवताना ही नोंद पुरावा म्हणून उपयोगी पडली.

आता डॉक्टरांच्या नोंदी. आपत्कालीन विभागाच्या डॉक्टरांनी लिहिले: ‘मूत्रमार्ग संसर्ग. दीर्घकालीन फोलीज.’ भरती करून घेणाऱ्या हॉस्पिटलिस्टनी, म्हणजे भरती रुग्णांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, लिहिले: ‘सेप्सिस, उगम बहुधा मूत्रमार्गात. फोलीज आहे, आपत्कालीन विभागात बदलली.’ दुसऱ्या दिवशी लघवी आणि रक्त या दोन्हींत ई. कोलाय हा जीवाणू उगवला, त्या दिवशीच्या प्रोग्रेस नोटमध्ये ‘ई. कोलाय बॅक्टेरिमिया, युरोसेप्सिस सुधारत आहे’ असे आले. संसर्गरोग तज्ज्ञांनी त्याच दिवशी आपल्या सल्ल्याच्या नोंदीत ‘नळीशी संबंधित संसर्ग?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले आणि त्यानंतरच्या त्यांच्या नोंदींत हा विषय पुन्हा आला नाही. सहाव्या दिवशी रुग्णाला नर्सिंग होममध्ये परत पाठवले. डिस्चार्ज समरीत निदाने अशी होती: युरोसेप्सिस, बरा झालेला, मूत्रमार्ग संसर्ग, प्रोस्टेटवाढ आणि लघवी तुंबणे, नळी चालू ठेवली आहे.

संसर्ग आहे, नळी आहे, जीवाणू आहे, सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेली गंभीर प्रतिक्रिया) बहुधा आहे. यांतली कोणतीही गोष्ट दुसरीमुळे झाली असे मात्र संपूर्ण चार्टमध्ये एकाही ठिकाणी ठामपणे म्हटलेले नाही.

पहिला मसुदा आणि त्यातली गोची

कोडरने पहिल्या मसुद्यात मुख्य निदान म्हणून ए४१.५१, म्हणजे ई. कोलायमुळे सेप्सिस, घेतले होते. त्याखाली एन३९.० (मूत्रमार्ग संसर्ग, नेमकी जागा न सांगितलेला), एन४०.१ (लक्षणांसह प्रोस्टेटवाढ) आणि आर३३.८ (लघवी तुंबणे) हे कोड होते. ग्रुपरने, म्हणजे कोडांवरून गट ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, डीआरजी ८७२ (मोठ्या सहव्याधीशिवाय सेप्सिस) दिला. नळीचा उल्लेख कोडांमध्ये कुठेच नव्हता.

या मसुद्यात दोन अडचणी होत्या. त्यांतली लहान अडचण आधी सांगतो. हॉस्पिटलिस्टनी भरतीच्या दिवशी सेप्सिस लिहिला आणि सुट्टीच्या, म्हणजे डिस्चार्जच्या, दिवशी युरोसेप्सिस. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या निदान-कोडांच्या वर्गीकरणाच्या अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांत युरोसेप्सिस ही संदिग्ध संज्ञा मानली आहे. ती सेप्सिसची समानार्थी समजायची नाही, वर्णानुक्रम सूचीत तिला कोणताही कोड दिलेला नाही आणि डॉक्टरांनी ती वापरली तर त्यांना विचारलेच पाहिजे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. भरतीच्या नोंदीत सेप्सिस आहे म्हणून युरोसेप्सिसचाही अर्थ तोच, असे कोडरने परस्पर ठरवायचे नसते. डिस्चार्ज समरी ही शेवटची नोंद, आणि तिथे पोहोचेपर्यंत डॉक्टरांचे मत ‘हा नुसता लघवीचा संसर्ग होता’ असे बदललेलेही असू शकते. ते खरोखर तसे बदलले असते तर मुख्य निदान एन३९.० झाले असते आणि डीआरजी ६९० (मूत्रमार्ग संसर्गाचा गट) पडला असता.

मोठी अडचण नळीची. मूत्रमार्गात राहणाऱ्या नळीमुळे झालेल्या संसर्गासाठी टी८३.५११ए हा स्वतंत्र कोड आहे. १ ऑक्टोबर २०१६ पूर्वी लघवीच्या सगळ्या नळ्यांसाठी टी८३.५१एक्सए हा एकच कोड होता. त्या दिवसापासून त्याचे भाग पडले: ओटीपोटातून मूत्राशयात घातलेल्या नळीसाठी टी८३.५१०ए, मूत्रमार्गातून घातलेल्या नळीसाठी टी८३.५११ए, मूत्रपिंडात घातलेल्या नळीसाठी टी८३.५१२ए आणि इतर नळ्यांसाठी टी८३.५१८ए. म्हणून नळी कोणत्या वाटेने आत गेली हे तपासणे आता अटळ आहे. या चार्टमध्ये ते परिचारिकेच्या नोंदीतून आणि हॉस्पिटलिस्टच्या ‘फोलीज’ या उल्लेखातून उघड होते, त्यामुळे त्यावर वेळ गेला नाही.

मग टी८३.५११ए सरळ का देऊ नये? तीन आठवडे आत असलेली नळी, टोकाशी थर, ओटीपोटात दुखणे, गढूळ लघवी, कल्चरमध्ये ई. कोलाय, वैद्यकशास्त्राची थोडीफार ओळख असणाऱ्या कोणाच्याही मनात उत्तर तयार असते. असा कोड देण्याचा आग्रह धरणारे कोडर बहुतेक वेळा हुशार असतात आणि त्यांचा अंदाजही बहुतेक वेळा बरोबर असतो. तरीही तो कोडरचा अंदाज राहतो. मार्गदर्शक तत्त्वांच्या पहिल्या भागातला सोळावा सर्वसाधारण नियम सांगतो की उपचारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा कोड हा त्या स्थितीचा आणि उपचाराचा संबंध डॉक्टरांनी नोंदवला असेल तरच द्यायचा. उपचारादरम्यान किंवा नंतर घडणारी प्रत्येक गोष्ट गुंतागुंत नसते, आणि नोंद संदिग्ध असेल तर डॉक्टरांना विचारायचे. काही जोड्यांबाबत वर्गीकरणच संबंध गृहीत धरते, मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली जोडी. नळी आणि संसर्ग यांना ती सवलत नाही.

ती नसण्यामागे वैद्यकीय कारणही आहे. नळी आत असताना लघवीत जीवाणू येण्याचा धोका दररोज ३ ते ७ टक्के असतो आणि महिनाभर नळी राहिली की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जीवाणू सापडतात. त्यांतल्या बहुतेकांना संसर्गाचा काहीही त्रास होत नसतो. म्हणजे नळी असलेल्या रुग्णाला न्यूमोनियामुळे ताप आला आणि लघवीचे कल्चर पाठवले, तर ते ‘पॉझिटिव्ह’ येण्याची शक्यता दांडगी. अशा रुग्णाला टी८३.५११ए देणे म्हणजे न झालेला आजार नोंदवणे आणि शिवाय तो कोणाच्या तरी उपचारामुळे झाला असे लिहून ठेवणे. लक्षणांशिवाय फक्त जीवाणू सापडल्याची नोंद डॉक्टरांनी केली असेल तर त्यासाठी आर८२.७१ हा वेगळा कोड आहे.

संसर्गरोग तज्ज्ञांचे प्रश्नचिन्ह

आमच्या चर्चेत सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘नळीशी संबंधित संसर्ग?’ या एका ओळीवर. एका बाजूचे म्हणणे असे की उपचारात सहभागी असलेल्या कोणत्याही डॉक्टरांच्या नोंदीवरून कोड देता येतो, मुख्य उपचारक डॉक्टरांच्या नोंदीशी ती विसंगत नसली म्हणजे झाले. शिवाय इनपेशंट चार्टमध्ये ‘बहुधा’, ‘शक्यता आहे’ असे म्हटलेले निदानही ते असल्याप्रमाणेच कोड करतात. या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु अनिश्चित निदानाचा हा नियम सुट्टीच्या वेळच्या नोंदीला लागू होतो. दुसऱ्या दिवशी मनात आलेली शंका पुढच्या चार दिवसांत कोणी उचलून धरली नसेल, तर ती सुट्टीच्या वेळी टिकून होती असे धरता येत नाही. तीच शंका डिस्चार्ज समरीत ‘बहुधा नळीमुळे झालेला संसर्ग’ अशा शब्दांत आली असती तर टी८३.५११ए देण्यासाठी ती पुरेशी ठरली असती आणि क्वेरीची गरजच पडली नसती. तज्ज्ञांची ओळ वाया मात्र गेली नाही. कोड देण्यासाठी ती अपुरी असली तरी क्वेरी पाठवण्यासाठी तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नव्हता.

क्वेरी कशी लिहिली

क्वेरी लिहिताना कोडरची खरी परीक्षा होते. अमेरिकेतल्या कोडिंग आणि नोंदी-सुधार क्षेत्रातल्या दोन प्रमुख संघटनांनी, एएचआयएमए आणि एसीडीआयएस यांनी, संयुक्तपणे घालून दिलेल्या पद्धतीनुसार क्वेरीत चार्टमधले पुरावे मांडायचे, वैद्यकीयदृष्ट्या पटतील असे पर्याय द्यायचे, ‘इतर’ आणि ‘ठरवता येत नाही’ हे मार्ग खुले ठेवायचे आणि कोणत्या उत्तराने पैसे वाढतील किंवा गुणवत्तेच्या आकड्यांवर काय परिणाम होईल याचा उल्लेखही करायचा नाही. शीर्षकातूनसुद्धा उत्तर सुचवायचे नाही, म्हणून ‘नळीजन्य संसर्गाबाबत विचारणा’ असे शीर्षक चालत नाही, ‘मूत्रमार्ग संसर्गाबाबत स्पष्टीकरण’ हे चालते.

मूळ क्वेरी अर्थातच इंग्रजीत गेली. मराठीत तिचा आशय असा:

‘डॉक्टर, डिस्चार्ज समरीत मूत्रमार्ग संसर्ग नोंदवलेला आहे. चार्टमध्ये पुढील बाबी दिसतात: भरतीच्या वेळी तीन आठवड्यांपासून असलेली मूत्रमार्गातली नळी, ती आपत्कालीन विभागात बदलली, टोकाशी क्षारांचा थर, तापमान ३८.९, ओटीपोटात स्पर्शाने वेदना; नव्या नळीतून घेतलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, संसर्गरोग तज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची नोंद “नळीशी संबंधित संसर्ग?”, प्रतिजैविकांचे उपचार. आपल्या वैद्यकीय मतानुसार या संसर्गाबाबत पुढीलपैकी काय लागू आहे, ते कृपया नोंदवावे: मूत्रमार्गातल्या नळीमुळे झालेला संसर्ग; नळीशी संबंध नसलेला मूत्रमार्ग संसर्ग; संसर्ग नसून लघवीत केवळ जीवाणूंची उपस्थिती; इतर, कृपया स्पष्ट करावे; वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही.’

युरोसेप्सिससाठी वेगळी क्वेरी पाठवली. दोन्ही प्रश्न एकाच पत्रात घातले असते तर एक उत्तर दुसऱ्यात मिसळले असते. घाईत असलेले डॉक्टर शेवटी एकच वाक्य लिहून मोकळे होतात आणि ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे शोधत बसावे लागते.

हॉस्पिटलिस्टनी दोन्हींची उत्तरे दिली आणि डिस्चार्ज समरीला पुरवणी जोडली: भरतीच्या वेळी असलेला ई. कोलायमुळे झालेला सेप्सिस. उगम मूत्रमार्ग संसर्गात. संसर्ग मूत्रमार्गातल्या नळीमुळे.

क्रम कोणता

उत्तर मिळाल्यावर कोड सगळे ठरले, पण वरचा कोण हा वाद उरला. सेप्सिस भरतीच्या वेळी असेल आणि त्यासोबत न्यूमोनियासारखा स्थानिक संसर्ग असेल तर सेप्सिस आधी आणि स्थानिक संसर्ग नंतर, हा नियम प्रत्येक कोडरला पाठ असतो. त्याच सवयीने इथेही ए४१.५१ वर ठेवण्याचा मोह होतो. पण इथला स्थानिक संसर्ग साधा नाही, तो वैद्यकीय उपकरणाची गुंतागुंत आहे. मुख्य निदान निवडण्याचे नियम ज्या दुसऱ्या भागात आहेत, तिथे म्हटले आहे की भरती उपचाराच्या गुंतागुंतीसाठी झाली असेल तर गुंतागुंतीचा कोड मुख्य निदान असतो, आणि टी८० ते टी८८ या मालिकेतला कोड गुंतागुंतीचे नेमके स्वरूप सांगायला अपुरा पडत असेल तर ते सांगणारा जादा कोड सोबत द्यायचा. टी८३.५ च्या खालची सूचनाही संसर्ग ओळखण्यासाठी जादा कोड वापरायला सांगते. म्हणून टी८३.५११ए पहिला, ए४१.५१ दुसरा, एन३९.० तिसरा, त्यानंतर एन४०.१ आणि आर३३.८.

डॉक्टरांनी सेप्सिस नाकारला असता तर ए४१.५१ गेला असता आणि जीवाणू सांगण्यासाठी एन३९.० सोबत बी९६.२० लागला असता, तोही डॉक्टरांनी संसर्गाशी ई. कोलायचा संबंध नोंदवला असेल तरच. प्रयोगशाळेच्या अहवालावर नजर टाकून जीवाणूचा कोड जोडून देणे ही फार पसरलेली सवय आहे आणि ऑडिटमध्ये ती हमखास सापडते.

टी८३.५११ए मधल्या शेवटच्या ‘ए’बद्दल एक गैरसमज वारंवार आढळतो. नळी तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडे घातली, म्हणजे ही ‘नंतरची भेट’, म्हणून ‘डी’ द्यावा, असे नवे कोडर सुचवतात. गुंतागुंतीच्या कोडांत सातवे अक्षर त्या गुंतागुंतीवर चालू असलेल्या सक्रिय उपचाराचे असते, नळी घालण्याच्या मूळ प्रसंगाचे नाही. संसर्गावर शिरेतून प्रतिजैविके चालू होती, म्हणून ‘ए’. वाय८४.६ हा कॅथेटर घालण्याच्या प्रक्रियेचा बाह्यकारण कोड जोडावा की नाही हे रुग्णालयाच्या धोरणावर सोडले. बाह्यकारण कोडांची देशव्यापी सक्ती नाही.

गोंधळलेल्या मनःस्थितीसाठी मेटाबॉलिक एन्सेफॅलोपॅथीची (शरीरातल्या बिघाडामुळे मेंदूच्या कार्यावर होणाऱ्या परिणामाची) क्वेरी पाठवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. रुग्ण पहाटेपर्यंत पूर्ण भानावर आला होता, मेंदूविकार तज्ज्ञांना बोलावले नव्हते, वेगळी तपासणी नव्हती, वेगळा उपचार नव्हता. अशा आधारावर क्वेरी पाठवणे म्हणजे पाण्यात जाळे टाकून बसणे, असे माझे मत आहे. ती पाठवली नाही.

पैशाचा हिशेब

मुख्य निदान टी८३.५११ए आणि सोबत ए४१.५१, जो मोठी सहव्याधी, म्हणजे एमसीसी, गणला जातो. म्हणून डीआरजी ६९८ पडला. मूळ मसुद्यातल्या ८७२ पेक्षा त्याचा भार, म्हणजे रक्कम ठरवणारा आकडा, जास्त आहे. हे थोडे अनपेक्षित वाटते, कारण सेप्सिस खाली गेला की रक्कम घटते अशी सर्वसाधारण समजूत आहे. मुख्य निदान म्हणून वर बसलेला सेप्सिस स्वतःचा एमसीसी होऊ शकत नाही. खाली बसला की होतो. या रुग्णाला दुसरा एमसीसी असता तर ८७२ ऐवजी ८७१ (एमसीसीसह सेप्सिस) पडला असता आणि मग हिशेब उलटा झाला असता. क्रम नियमाने ठरतो, रकमेने नाही, हे ऑडिटरला दाखवायचे झाले तर दोन्ही बाजूंची ही उदाहरणे हाताशी असलेली बरी.

रक्कम वाढली म्हणजे देयक तपासणाऱ्यांची नजर सेप्सिसवर जाणार हेही गृहीत धरावे लागते. २०१६ साली सेप्सिसची नवी व्याख्या आली, तिच्यात अवयवांचे कार्य बिघडल्याची अट आहे. मेडिकेअरचे सेप्सिस उपचारांचे मापन मात्र ताप, नाडी, श्वसन आणि पांढऱ्या पेशी या जुन्या निकषांना धरूनच राहिले. त्यामुळे एकच रुग्ण एका व्याख्येने सेप्सिसचा आणि दुसऱ्या व्याख्येने नुसत्या संसर्गाचा ठरू शकतो. कोड डॉक्टरांच्या निदानावर द्यायचा, कोडरने निकष लावत बसायचे नाही, हे मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. तरीही या चार्टमध्ये लॅक्टेट २.६ आणि दोन्ही रक्तकल्चरमध्ये ई. कोलाय या नोंदी असल्यामुळे नकार आला तरी उत्तर देण्यासारखे पुरेसे हाती होते.

तोच संसर्ग रुग्णालयात झाला असता तर

भरतीच्या वेळी स्थिती अस्तित्वात होती की नाही हे सांगणारा पीओए निर्देशक या प्रकरणात टी८३.५११ए, ए४१.५१ आणि एन३९.० या तिघांनाही ‘वाय’, म्हणजे होय, असा दिला. या एका अक्षरामागे मोठा कायदा आहे. २००५ च्या डेफिसिट रिडक्शन ॲक्टने मेडिकेअरला अशा आजारांची यादी करायला लावली की जे रुग्णालयात झाले तर त्यांच्यासाठी जादा पैसे द्यायचे नाहीत. १ ऑक्टोबर २००७ पासून पीओए नोंदवणे सुरू झाले आणि १ ऑक्टोबर २००८ पासून पैसे रोखणे. नळीमुळे झालेला मूत्रमार्ग संसर्ग त्या यादीत पहिल्यापासून आहे.

समजा हेच गृहस्थ खुब्याच्या अस्थिभंगासाठी भरती झाले असते, नळी रुग्णालयात घातली असती आणि पाचव्या दिवशी संसर्ग झाला असता. तेव्हा टी८३.५११ए दुय्यम निदान म्हणून ‘एन’सह (भरतीच्या वेळी नव्हता) गेला असता आणि सहव्याधी म्हणून मोजला गेला नसता. कित्येकांना ठाऊक नसलेला भाग असा की त्याच्यासोबतचे एन३९.०, एन१०, एन३०.०० यांसारखे मूत्रमार्गाच्या संसर्गाचे कोडही मोजणीतून बाहेर जातात. नाहीतर गुंतागुंतीचा कोड बाद करून संसर्गाच्या कोडावर तीच रक्कम मिळाली असती. सेप्सिसचे कोड या बाद होणाऱ्या यादीत नाहीत.

आणि ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप झाला, तिचा परिणाम किती? मिशिगन राज्यातल्या २००९ च्या देयकांवरील अभ्यासात ७ लाख ८१ हजारांहून अधिक भरत्यांपैकी फक्त २५ मध्ये या धोरणामुळे रक्कम कमी झाली होती. नळीजन्य संसर्ग रुग्णालयात एवढे विरळ नसतात हे कोणीही परिचारिका सांगेल. आमच्या चार्टमध्ये जे दिसले तेच तिथेही घडत असणार असे मला वाटते: डॉक्टर ‘मूत्रमार्ग संसर्ग’ लिहितात, नळीचा संबंध लिहीत नाहीत, कोडर एन३९.० देतो आणि कोणी विचारत नाही.

दोन घड्याळे

रुग्णालयातल्या संसर्ग-नियंत्रण परिचारिकेची मोजणी कोडरच्या मोजणीहून वेगळी चालते, आणि दोघांचे आकडे जुळले नाहीत की व्यवस्थापनाकडून विचारणा होते. ती सीडीसी या अमेरिकी रोगनियंत्रण संस्थेच्या एनएचएसएन या निगराणी व्यवस्थेचे निकष लावते. नळी सलग दोनपेक्षा अधिक दिवस असली पाहिजे, घातल्याचा दिवस पहिला धरून. ठरावीक लक्षणांपैकी किमान एक हवे. कल्चरमध्ये दोनपेक्षा जास्त प्रकारचे जीवाणू नकोत आणि किमान एकाचे प्रमाण मिलिलिटरमागे एक लाख हवे. २००९ च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत हेच प्रमाण लक्षणांसह एक हजार असले तरी पुरते. भरतीपूर्वीचे दोन दिवस, भरतीचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत घडलेली घटना ती ‘आधीपासूनची’ धरते, तिसऱ्या दिवसापासूनची रुग्णालयाच्या खात्यावर. डॉक्टरांनी काय लिहिले याला तिच्या मोजणीत स्थान नाही.

कोडरच्या पीओएला असे दिवसांचे बंधन नाही. डॉक्टरांनी चौथ्या दिवशी निदान केले आणि ते भरतीच्या वेळी होते असे नोंदवले, तरी ‘वाय’ लागतो. इनपेशंट भरतीचा आदेश निघण्यापूर्वी आपत्कालीन विभागात उद्भवलेली स्थितीही ‘वाय’च असते. या प्रकरणात दोन्ही हिशेब जुळले: परिचारिकेच्या नोंदीत रुग्णालयाचा एकही संसर्ग नाही, कोडरच्या नोंदीत टी८३.५११ए ‘वाय’सह. पण भरतीच्या दिवशी वॉर्डात घातलेल्या नळीमुळे दुसऱ्याच दिवशी संसर्ग झाला असे डॉक्टरांनी लिहिले असते, तर कोडरला ‘एन’ द्यावा लागला असता आणि निगराणीत तो मोजलाच गेला नसता. कामगिरीत खालच्या चतुर्थांशात येणाऱ्या रुग्णालयांच्या मेडिकेअर रकमेत १ टक्का कपात करणाऱ्या कार्यक्रमात मोजला जातो तो निगराणीचा आकडा, कोडांचा नव्हे. म्हणून ‘तुमच्या कोडमुळे आमची दंडाची कपात वाढेल’ ही कोडरला ऐकावी लागणारी तक्रार निदान या संसर्गाच्या बाबतीत निराधार आहे.

भारतातल्या रुग्णालयांत हा प्रश्न या रूपात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये टी८३.५ पर्यंतच तपशील आहे, देयके बहुधा पॅकेजवर ठरतात, आणि एनएबीएच या रुग्णालयांच्या मानांकनासाठी नळीजन्य संसर्ग हजार नळी-दिवसांमागे मोजतात ते संसर्ग-नियंत्रण समितीसाठी. तरीही कार्यकारणसंबंध न लिहिण्याची सवय इथल्या डिस्चार्ज कार्डांतही तशीच दिसते.

या प्रकरणानंतर त्या रुग्णालयाच्या नोंदी-सुधार विभागाने एक बदल केला. नळी असलेल्या रुग्णाच्या चार्टमध्ये मूत्रमार्ग संसर्ग नोंदवला गेला की क्वेरी आता सुट्टीची वाट न पाहता, रुग्ण वॉर्डात असतानाच जाते. हॉस्पिटलिस्टना उत्तर द्यायला तेव्हा सोपे जाते, कारण रुग्ण समोर असतो, कल्चरचा अहवाल ताजा असतो आणि संसर्गरोग तज्ज्ञांना आपले प्रश्नचिन्ह खोडायचे की तिथे ठाम निदान लिहायचे हे विचारण्यासाठी एक फोन पुरतो.